कोकण किनारा आणि परकी सत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चौल, कोर्लई, विजयदुर्ग, रत्नागिरी इथं येणारी शाळकरी मुलं, त्यांचे शिक्षक आणि पर्यटक किल्ला बघून झाला की साधारण तेच प्रश्न विचारतात. ते इथं एकत्र केले आहेत. प्रश्न भाबडे वाटले तरी बहुतेक अचूक जागी बोट ठेवणारे आहेत. म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

साम्राज्यवाद आणि वसाहतवाद एकच ना?

जवळपास. दुसऱ्या देशावर हुकमत गाजवण्याचं धोरण म्हणजे साम्राज्यवाद. त्या देशात ठाण मांडून तिथली जमीन, माणसं आणि व्यापार आपल्या सोयीनं राबवणं म्हणजे वसाहतवाद. कोकणात दोन्हींची सरमिसळ झाली, त्यामुळे खाली आम्हीही फार काटेकोर राहिलेलो नाही.

पोर्तुगीज एवढ्या लांबून इथं आलेच कशाला?

मिरीसाठी, हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे आणि ते खरंही आहे. मिरी, दालचिनी, लवंग युरोपात जायची ती अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून, आणि प्रत्येक हातागणिक भाव चढायचा. हे मधले हात टाळायचे म्हणून पोर्तुगालच्या राजानं जहाजं धाडली आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला.

पण एकट्या मिरीनं एवढी उलाढाल होत नसते. पोर्तुगीज उत्तर आफ्रिकेत मुसलमान सत्तांशी पिढ्यान्‌पिढ्या लढत आले होते. तेच युद्ध पुढे हिंदी महासागरात न्यायचं, ही भावना त्यांच्यात खोल होती. घराण्यातल्या ज्या धाकट्या मुलांना वारसा मिळायचा नाही, त्यांना इथं पैसा आणि किताब दिसत होता. राजालाही मोठेपणा हवा होता. वास्को द गामा परतला तसा राजा मानुएलनं इथिओपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या ‘विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी’ असा किताब स्वतःलाच लावून घेतला. त्या वेळी यातली वीतभर जमीनही त्याच्या ताब्यात नव्हती.

पण मिरी तर मलबारात. कोकणात त्यांचं काय काम होतं?

घोडे, कापड आणि खाड्या. दख्खनच्या सुलतानांना आणि विजयनगरला लढाईसाठी अरबी घोडे लागत. ते होर्मुझकडून समुद्रमार्गे येऊन चौल, दाभोळ, गोवा अशा बंदरांत उतरत. १५१० मध्ये अल्बुकर्कनं गोवा घेतलं तेव्हा घोड्यांवरची जकात त्याच्या हाती आली. शिवाय मलबारची मिरी आणि गुजरातचं कापड यांच्या वाटेवर कोकण पडतं. वाऱ्याचा हंगाम चुकला तर जहाज कुठल्या तरी खाडीत घालावंच लागे. त्या खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, त्याला सगळी रहदारी सापडे.

कोर्लईच्या किल्ल्यावर हे डोळ्यांनी बघता येतं. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कुंडलिकेची खाडी, मध्ये बारीक सोंडेसारखा डोंगर आणि त्यावर एकामागून एक दरवाजे असलेला अरुंद किल्ला. माथ्यावर उभं राहिलं की समोर रेवदंडा दिसतं आणि खाडीत शिरणारी एकही होडी नजरेतून सुटत नाही. १५९४ मध्ये निजामशाहीकडून ही जागा घेण्यासाठी पोर्तुगीजांनी एवढा रक्तपात का केला, हे तिथं सांगावं लागत नाही.

मूठभर माणसांनी अख्खा समुद्र ताब्यात कसा घेतला?

ताब्यात घेतला नाही, त्यावर परवाना बसवला. त्या परवान्याला ‘कार्ताझ’ म्हणत आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत शिकण्यासारखा कागद तोच आहे.

त्या कागदावर जहाजाचं नाव, तांडेलाचं नाव, जहाज केवढं, त्यावर शस्त्रं कोणती, माल कोणता आणि ते कुठून कुठं जाणार, एवढं लिहिलेलं असे. कुठला माल न्यायचा नाही आणि कुणाला जहाजावर घ्यायचं नाही, तेही त्यात असे. मिरीसारखा माल राजाच्या मक्त्याचा, तुर्कांना जागा द्यायची नाही. कागदाची फी किरकोळ होती. खरी मेख अशी की कार्ताझ घेतलेल्या जहाजाला गोवा, दीव, होर्मुझ अशा पोर्तुगीज ठाण्यावर थांबून जकात भरावी लागे. ज्याच्याकडे कागद नाही त्याचं जहाज मालासकट जप्त, आणि माणसांचं काय होईल ते पकडणाऱ्याच्या मर्जीवर.

बंदरात आलेल्या मालावर जकात घेणं आपल्याकडे जुनंच होतं. चौलला निजामशहा घ्यायचा, दाभोळला आदिलशहा. भर समुद्रातून जाण्याबद्दल मात्र कुणी कुणाला दाम मोजत नव्हतं. पोर्तुगीजांनी आधी तोफांचा धाक घातला आणि मग त्या धाकापासून संरक्षण म्हणून कागद विकला. आपण भीती निर्माण करायची आणि आपणच अभय विकायचं, ही खंडणीचीच रीत. तिच्यावर राजाची मोहर उमटली म्हणून तिला कायदा म्हणू लागले.

आणि तो कागदही शब्द पाळायचा असं नाही. १६१३ मध्ये सुरतेजवळ ‘रहीमी’ नावाचं मोठं जहाज पोर्तुगीजांनी पकडलं. ते जहांगीर बादशहाच्या आईचं होतं आणि त्याच्याकडे कार्ताझ होता. बादशहा संतापला, पोर्तुगीजांवर उलटला आणि त्याचा फायदा सुरतेत नुकत्याच आलेल्या इंग्रजांना झाला.

मग कान्होजी आंग्रे चाचे होते का?

नाही, आणि हा प्रश्न ऐकला की वाईट वाटतं, कारण तो त्यांच्या शत्रूच्या दप्तरातून आपल्याकडे आलेला आहे. कान्होजी मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते, राज्याचे नेमलेले अधिकारी. कोकणच्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजानं त्यांचा दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा, असा त्यांचा दंडक होता. पोर्तुगीज जे दोनशे वर्षं करत होते आणि इंग्रज जे स्वतः करू पाहत होते, तेच कान्होजी करत होते, आणि तेही आपल्याच किनाऱ्यावर.

भांडण नेमकं कशावर पेटलं हे बघण्यासारखं आहे. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या जहाजांना अडवायचं की नाही, हा वाद होताच. पण मुंबईचे खासगी व्यापारीही कंपनीचा परवाना दाखवून दस्तक चुकवू लागले. कान्होजींनी ते मानलं नाही, जहाजं धरली, आणि मुंबईच्या कागदपत्रांत ते ‘चाचे’ झाले. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर हल्ला केला, तो फसला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज, एरवी एकमेकांचे वैरी, मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून आले आणि हात हलवत परत गेले. १७२९ मध्ये कान्होजी वारले, तोवर हा किनारा त्यांचाच होता.

वखार म्हणजे साधं गोदाम. त्यात घाबरण्यासारखं काय होतं?

चंचुप्रवेश गोदामातूनच झाला. माल ठेवायला जागा हवी, मालाला राखण हवी, राखणीला बंदुका हव्यात, बंदुकांना भिंत हवी. प्रत्येक मागणी सुटी बघितली तर रास्त वाटते.

राजापूरच्या इंग्रजांनी हे फार लवकर दाखवून दिलं. १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले असताना राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफ घेऊन तिथं गेला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याचं हे काम होतं का? महाराजांनी १६६१ मध्ये राजापूर गाठलं, वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं.

हा धडा मराठी राज्यकर्त्यांच्या लक्षात राहिला. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. त्यात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपी व्यापाऱ्यांविषयी, सावध केलं आहे. आशय असा : हे इतर सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी यांचे राजे आहेत, यांना मुलूख वाढवायचा आहे, समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी यांना जागा देऊ नये, द्यायचीच तर आत, सखल भागात, गावाच्या नजरेखाली द्यावी आणि पक्कं बांधकाम करू देऊ नये. यांचं बळ आरमार, तोफा आणि दारूगोळ्यात आहे, हेही त्यात नेमकं टिपलं आहे. वसाहतवादाची कार्यपद्धती इतक्या कमी ओळींत आणि इतक्या लवकर ओळखलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. दुखतं ते एवढंच की कळूनही ते टळलं नाही.

मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली, हे खरं का?

खरं. १६६१ च्या करारानं पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात ती इंग्लंडच्या राजाला देण्याचं ठरलं, १६६५ मध्ये ताबा मिळाला आणि १६६८ मध्ये राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं कंपनीला दिली. इथल्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, आगऱ्यांना कुणी विचारलं नाही. मुळात पोर्तुगीजांनाही ही बेटं १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं वसईसोबत दिली होती, हुमायूनचं संकट समोर उभं असताना.

आपल्याच लोकांनी त्यांना मदत केली. मग दोष त्यांना का द्यायचा?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, बहुतेकदा चिडून. त्यासाठी विजयदुर्गची गोष्ट नीट बघायला हवी.

कान्होजींनंतर आंग्रे घराण्यात भाऊबंदकी माजली. तुळाजी आंग्रे विजयदुर्गावरून समुद्रावर वचक ठेवून होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी त्याला वठणीवर आणायला इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग पाडाव केला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि रॉबर्ट क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर आली. खाडीत एकमेकांना बांधून ठेवलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना तोफांच्या माऱ्यात आग लागली आणि बघता बघता जवळजवळ सगळं आरमार जळालं. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला, तो इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. किल्ला ठरल्याप्रमाणे पेशव्यांना लगेच दिलाही नाही. शेवटी त्याच्या बदल्यात बाणकोट आणि आसपासची काही गावं पदरात पाडून घेतली. पुढच्याच वर्षी, १७५७ मध्ये, तेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालात होते आणि प्लासीची लढाई झाली.

नानासाहेबांची चूक मोठी होती, यात आम्हाला शंका नाही. ज्या आरमारानं इंग्रजांना चाळीस वर्षं अडवलं, ते मराठ्यांच्याच सांगण्यावरून बुडालं. चिमाजी अप्पांनी वसई घेऊन सतरा वर्षंही झाली नव्हती.

पण भांडण कुठल्या राज्यात नसतं? युरोपातली राज्यं तर आपसात अखंड लढत होती. कंपनीचं वेगळेपण असं की दुसऱ्याच्या भांडणात शिरून प्रत्येक वेळी कायमचं काही तरी पदरात पाडून घ्यायचं, ही तिची ठरलेली कार्यपद्धती होती. १७७४ च्या अखेरीस पेशवाईच्या वारसावादात मुंबईलगतचं साष्टी बेट गेलं. १८१२ मध्ये समुद्री लुटारूंचा बंदोबस्त हे कारण पुढे करून मालवण कोल्हापूरकरांकडून आणि वेंगुर्लं सावंतवाडीकरांकडून घेतलं. चूक आपली, म्हणून लूट त्यांची रास्त, असं होत नाही.

तैनाती फौज म्हणजे नेमकं काय?

राजानं कंपनीची फौज आपल्या राज्यात ठेवायची आणि तिचा खर्चही आपणच सोसायचा. दुसऱ्या बाजीरावाचं उदाहरण कोकणातलंच आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर तो महाड, सुवर्णदुर्ग करत इंग्रजी जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबरला तह झाला. किमान सहा हजार पायदळ, त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख, दुसऱ्या कुणाशी बोलणी करायची तर कंपनीला विचारून. ज्या वसईत १७३९ मध्ये पोर्तुगीजांना गुडघे टेकायला लावले, तिथंच पेशव्यानं आपलं राज्य गहाण टाकलं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, ती यानंतर फक्त वेळेची बाब होती.

धर्मप्रसार हा हेतू होता की निमित्त?

पोर्तुगीजांच्या बाबतीत खरोखरचा हेतू. व्यापाराचं नुकसान होत असतानाही त्यांनी देवळं पाडली आणि १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, चालवलं, हे केवळ नफ्याच्या हिशेबात बसत नाही. कंपनीचं उलट : धर्मात हात घातला तर धंदा बिघडेल म्हणून तिनं १८१३ पर्यंत आपल्या मुलखात मिशनऱ्यांना मोकळीक दिली नाही. यात एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. वसईतले किंवा कोर्लईतले ख्रिस्ती बांधव चारेकशे वर्षांपासूनचे इथलेच आहेत. पोर्तुगीजांचा हिशेब त्यांच्याकडे मागू नये.

ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कसा?

सागवानामुळे. मुंबईत स्थापन झालेली ‘बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन’ ब्रह्मदेशातलं सागवान तोडायची. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले म्हणून राजा थिबाच्या दरबारानं १८८५ मध्ये तिला मोठा दंड केला. थिबा फ्रेंचांकडे झुकतोय अशी धास्ती इंग्रजांना होतीच. त्यांनी निर्वाणीचा खलिता धाडला, नोव्हेंबरात चढाई केली, दोनेक आठवड्यांत मंडाले पडलं आणि १ जानेवारी १८८६ ला तो देश खालसा केल्याचं जाहीर झालं. राजाला कुटुंबासह रत्नागिरीत आणून ठेवलं, कारण इथं रेल्वे नव्हती, आणि त्याच्या माणसांपासून इतकं तुटलेलं गाव शोधून सापडलं नसतं. आज लोक ज्याला थिबा पॅलेस म्हणतात तो वाडा १९१० च्या सुमाराचा, म्हणजे आयुष्याची जेमतेम शेवटची सहा वर्षं तो तिथं राहिला. १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला, समाधीही इथंच आहे. तिकडे दिल्लीच्या बहादूरशहा जफरला १८५८ मध्ये रंगूनला नेऊन ठेवलं होतं. राजाला त्याच्या माणसांपासून तोडायचं, हेही एक तंत्रच.

म्हणजे मुंबई फक्त भरडली गेली असं नाही?

नाही, हे मान्य करायला हवं. १८४२ मध्ये हरलेल्या चीनकडून नानकिंगचा तह लिहून घेतला तो ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर. ती १८१३ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधली होती. माळव्याची अफूही मुंबईच्या बंदरातूनच चीनला जायची आणि त्यावर इथले व्यापारी गब्बर झाले. एक वसाहत दुसरीकडचा मुलूख जिंकायला कशी वापरली जाते, ते इथं दिसतं.

सामान्य माणसाच्या चुलीपर्यंत हे कसं पोचलं?

मिठातून. भरतीचं पाणी मिठागरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, साका धरला की ओढून ढीग घालायचे. उरण, पेणपासून शिरोड्यापर्यंत कित्येक घरं यावर जगत. इंग्रजांनी ते परवान्याखाली आणलं आणि त्यावर कर लावला. समुद्र दारात, ऊन डोक्यावर, तरी स्वतःसाठी मीठ करणं हा गुन्हा. कार्ताझनं पाण्यावर जे केलं, तेच सरकारी परवान्यानं मिठावर केलं. म्हणूनच मे १९३० मध्ये शिरोड्याला माणसं लाठ्या खायला तयार झाली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. सरपणाला, गुराढोरांना पूर्वापार लागणारं रान राखीव झालं होतं, ते दुखणं तिथं उसळलं.

जमिनीचंही तेच. खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार, इंग्रजांनी आणला नाही, तो आधीपासून होता. पण वसुलीला सोयीचा म्हणून त्यांनी तो ठेवला आणि १८८० च्या कायद्यानं पक्का केला. कुळांचे हाल कायद्याच्या छत्राखाली चालू राहिले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, १९३८ च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चानं गेले, तरी खोती जायला स्वातंत्र्य यावं लागलं.

पण रेल्वे तर इंग्रजांनीच आणली ना?

आणली, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे. मग ती बोरघाट चढून कापसाच्या मुलखाकडे गेली. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळकडे ती वळलीच नाही, कारण इथून उचलून नेण्यासारखा मोठा माल नव्हता. इथून न्यायची होती ती माणसं, आणि ती बोटीनं जात होती : गिरण्यांत, गोदीत, पलटणीत. घराघरांत बायका शेती रेटायच्या आणि मनीऑर्डरची वाट बघायच्या. कोकणाला रेल्वे मिळाली ती १९९८ मध्ये. हे सांगितलं की प्रश्न विचारणारे बहुधा गप्प होतात.

मराठ्यांचंही साम्राज्यच होतं की. मग फरक काय?

प्रश्न रास्त आहे. १७४१ ते १७५१ च्या दरम्यान नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी बंगालात जे केलं, त्याच्या आठवणी तिथल्या अंगाईगीतांत आजही आहेत. ते झाकू नये. फरक असा की चौथाईचा पैसा पुण्यात आला काय, नागपुरात आला काय, इथल्याच बाजारात फिरला. कंपनीनं मात्र हिंदुस्थानच्या महसुलातून इथलाच माल विकत घेऊन तो विलायतेला पाठवायला सुरुवात केली. देश आपल्याच पैशानं आपला माल फुकट देत होता. ज्याचं गाव बंगालात जळलं, त्याला अर्थात या फरकानं दिलासा मिळत नाही.

ही लूट त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नाही का?

आली, आणि फार लवकर. दादाभाई नौरोजींचं नाव सगळे घेतात. पण त्यांच्या कितीतरी आधी, १८४१ मध्ये, भास्कर पांडुरंग तर्खडकर या तरुणानं ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये पत्रं लिहून कंपनी सरकारवर लुटीचा आरोप केला होता. इंग्रजी शिकवून कारकून तयार होतील असा सरकारचा हिशेब होता. तर्खडकर ती भाषा शिकला आणि तिच्यातच जाब विचारू लागला. आमच्या शाळांत हे नाव शिकवलं जात नाही, ते शिकवावं.

हे सगळं प्रत्यक्ष कुठं बघता येईल?

दोन दिवस असतील तर रेवदंडा, कोर्लई आणि अलिबागचा कुलाबा किल्ला. कुलाब्यावर ओहोटीला चालत जाता येतं. भरतीची वेळ गावात विचारूनच निघावं, दरवर्षी कुणी ना कुणी अडकतं. दक्षिणेला जात असाल तर विजयदुर्ग, रत्नागिरीतला थिबा पॅलेस आणि शिरोडा. राजापूरच्या वखारीचं फारसं काही उरलेलं नाही. खांदेरीला पावसाळ्यात होड्या जात नाहीत, तेव्हा मुलांची सहल दिवाळीनंतर ठेवा.